पॉश ट्रेनिंग विकत घेताना: व्हिडिओ, कार्यशाळा आणि समितीचं प्रशिक्षण यांचा रिव्ह्यू

‘अमुक तारखेपर्यंत पॉश मॉड्यूल पूर्ण करावे, अन्यथा आपल्या मॅनेजरला कळवण्यात येईल.’ पॉश म्हणजे कामाच्या ठिकाणी होणारा महिलांचा लैंगिक छळ रोखण्याचा कायदा. त्याच्या ट्रेनिंगचा हा मेल आला की पुढे काय होतं ते ऑफिसात सगळ्यांना पाठ आहे. एका टॅबमध्ये व्हिडिओ म्यूटवर लागतो, दुसऱ्यात एक्सेल चालू राहतं. ‘नेक्स्ट’चं बटण उजळलं की दाबायचं. शेवटी दहा प्रश्न, मग सर्टिफिकेट. आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस चहाच्या मशिनपाशी उभा राहून नव्या मुलीला ‘एवढं नटून कुणासाठी?’ असं विचारतो. त्याने मॉड्यूलमध्ये दहापैकी दहा मार्क मिळवलेले असतात.

बाजारात ‘पॉश ट्रेनिंग’ या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात: रेकॉर्ड केलेलं ऑनलाइन मॉड्यूल, प्रशिक्षकाने समोर येऊन घेतलेली कार्यशाळा आणि अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या, कंपनीच्याच अंतर्गत समितीच्या सदस्यांचं प्रशिक्षण. अनेकदा या समितीवर लागणारा कंपनीबाहेरचा, म्हणजे बाह्य सदस्य पुरवण्याची सेवाही त्यांना जोडून येते. आमचं मत आधीच सांगतो. मॉड्यूलची किंमत हजेरीच्या रजिस्टरएवढी. खरा पैसा छोट्या तुकड्यांच्या कार्यशाळेवर आणि समितीच्या प्रशिक्षणावर घालावा. आणि तिन्हींपैकी काहीही घेतलं तरी ते ‘एवढं नटून कुणासाठी?’ या वाक्याचं काय करतं, त्यावरून त्याची परीक्षा करावी. बलात्कार, विनयभंग, पगारवाढीच्या बदल्यात मागणी हे चूक आहे हे शिकवायला कुणी लागत नाही. रोजच्या कामात अडतं ते मधल्या पट्ट्यात, जिथे समोरच्याला अवघडल्यासारखं होतं आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो, किंवा असूनही तो नसल्याचं दाखवतो.

विक्रेता पहिल्या कॉलवर घाबरवतो, त्यातलं खरं किती? कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा, ९ डिसेंबर २०१३ पासून लागू. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालातली मार्गदर्शक तत्त्वं होती. कलम १९ प्रमाणे मालकाने ‘नियमित अंतराने’ कार्यशाळा आणि जागृतीचे कार्यक्रम घ्यायचे असतात, समितीच्या सदस्यांसाठी वेगळं प्रशिक्षण ठेवायचं असतं. ‘वर्षातून एकदा, प्रत्येकी एक तास, सर्टिफिकेटसह’ असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. तो विक्रेत्याचा साचा आहे. कायदा न पाळल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड, दुसऱ्यांदा तीच चूक झाली तर दुप्पट आणि परवाना रद्द होण्याची शक्यता, हे मात्र खरं. १४ जुलै २०२५ पासून कंपन्यांना संचालक मंडळाच्या अहवालात तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या आणि ९० दिवसांहून जास्त किती रखडल्या हे आकडे द्यावे लागतात, हेही खरं. हा शेवटचा मुद्दा विक्रेत्याने स्वतःहून सांगितला तर माणूस निदान अद्ययावत आहे असं समजायला हरकत नाही.

रेकॉर्ड केलेलं मॉड्यूल

डेमो मागा आणि पहिल्या दहा मिनिटांत शिळेपणा तपासा. समितीला ‘आयसीसी’, म्हणजे अंतर्गत तक्रार समिती म्हटलं असेल तर मजकूर जुना आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्यातलं नाव ‘अंतर्गत समिती’ असं आहे. बोलण्यात जुनं नाव अजून चालतं, पण विकत घेतलेल्या स्लाइडवर चालू नये. फौजदारी गुन्ह्यांसाठी फक्त भारतीय दंड संहितेचं ३५४-अ दाखवत असतील तर तो मजकूर १ जुलै २०२४ च्या आधीचा. त्या तारखेपासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि लैंगिक छळाचं कलम आता ७५, पाठलागाचं ७८, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणाऱ्या शब्द-हावभावांचं ७९. केंद्र सरकारचं ‘शी-बॉक्स’ हे तक्रारीचं पोर्टल २०१७ पासून आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. तिथे केलेली तक्रार संबंधित समितीकडे जाते. याचा उल्लेखच नसेल तर मॉड्यूल कपाटातून काढून दिलेलं आहे असं समजा.

शेवटची स्लाइड सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित: तुमच्या समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर. बहुतेक मॉड्यूलमध्ये तिथे ‘आपल्या एचआरशी संपर्क साधा’ असं सरसकट वाक्य असतं, किंवा वर्षापूर्वी नोकरी सोडून गेलेल्या बाईंचं नाव. सदस्याची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं असते, त्यामुळे ही स्लाइड तुम्हाला स्वतःला बदलता यायला हवी. त्यासाठी दर वेळी ‘चेंज रिक्वेस्ट’चे वेगळे पैसे लागणार असतील तर ती करारातली खोट आहे, सही करण्याआधी काढून घ्या.

आता प्रश्नपत्रिका. ठरावीक प्रश्न असा असतो: ‘वरिष्ठाने प्रमोशनच्या बदल्यात कनिष्ठ महिलेकडे शरीरसुखाची मागणी केली. हा लैंगिक छळ आहे का? (अ) हो (ब) नाही (क) परिस्थितीवर अवलंबून.’ याचं उत्तर चुकणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. या प्रश्नातून मोजलं जातं ते एवढंच की माणसाला मराठी किंवा इंग्रजी वाचता येतं. त्याऐवजी हा प्रश्न बघा: ‘टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री अकरा वाजता मॅनेजर लिहितो, “आज साडीत एकदम वेगळ्याच दिसत होतात, मीटिंगमध्ये लक्षच लागेना.” चौघांनी हसण्याचे इमोजी टाकले. जिच्याबद्दल लिहिलं तिनेही एक हसरा इमोजी टाकला. तुम्ही पाचवे सदस्य आहात. पुढे काय?’

अशा प्रश्नाला अ-ब-क पर्याय पुरत नाहीत आणि म्हणूनच मॉड्यूलवाले तो टाळतात. पण सगळं शिक्षण इथेच आहे. कायद्याच्या व्याख्येत पाच गोष्टी आहेत: शारीरिक स्पर्श किंवा लगट, शरीरसुखाची मागणी किंवा विनंती, लैंगिक रंगाचे शेरे, अश्लील साहित्य दाखवणं, आणि लैंगिक स्वरूपाचं कोणतंही नकोसं वागणं, मग ते शब्दांतून असो, स्पर्शातून की नुसत्या नजरेतून. या सगळ्यांचा कणा ‘नकोसं’ हा शब्द. बोलणाऱ्याचा हेतू काय होता हे व्याख्येत विचारलेलं नाही. मग तिने टाकलेला हसरा इमोजी? वार्षिक मूल्यमापन ज्याच्या हातात आहे त्याच्या मेसेजवर कनिष्ठ माणूस दुसरं काय टाकणार? इमोजी म्हणजे संमती नव्हे, बऱ्याचदा तो सुटकेचा सर्वांत स्वस्त मार्ग असतो. ‘पण स्पर्श तर झाला नाही’ ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच, अपॅरल एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलच्या प्रकरणात बंद केली आहे. एवढं सगळं उलगडणारी एक जरी गोष्ट मॉड्यूलमध्ये असेल तर ते बाकीच्यांपेक्षा बरं.

आणखी एक बारीक तपासणी. डेमोमध्ये मुद्दाम सगळी उत्तरं चुकवा. तीन प्रयत्नांनंतर बरोबर उत्तर आपोआप हिरवं होतं, की चूक का झाली ते सांगणारा परिच्छेद उघडतो? पहिल्या प्रकारचं मॉड्यूल घेण्यापेक्षा एक चांगली पीडीएफ वाटलेली बरी.

भाषेचं तर विचारूच नका. ‘मराठीत उपलब्ध’ म्हणून जे दाखवतात त्यात ‘अवांछित लैंगिक स्वरूपाचे अशाब्दिक वर्तन’ असली वाक्यं असतात, आणि ती वाचून दाखवणारा आवाज रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेचा. सुरक्षारक्षक, हाउसकीपिंग, कॅन्टीन, कंपनीच्या बसचे ड्रायव्हर यांच्यासाठी हे कुचकामी. आणि हीच मंडळी बहुतेक वेळा यादीतून सुटतात, कारण लॉगिन पगारी कर्मचाऱ्यांनाच मिळतं. कायद्यात कर्मचारी म्हणजे कंत्राटदारामार्फत आलेले, रोजंदारीवरचे, शिकाऊ, प्रोबेशनवरचे, बिनपगारी स्वयंसेवक, सगळेच. कंपनीने दिलेली गाडीसुद्धा कामाचीच जागा. लॉगिन दरडोई विकणाऱ्याला हे सांगण्यात रस नसतो असं नाही, पण घेणाऱ्याला ऐकण्यात नसतो.

कार्यशाळा

तुकडी २५ ते ३० जणांची असावी. दोनशे लोकांच्या वेबिनारला कार्यशाळा म्हणणं म्हणजे पंगतीला घरचं जेवण म्हणण्यासारखं आहे. चॅटमध्ये ‘ऑडिबल आहे का?’ यापलीकडे कुणी काही लिहीत नाही. वेळ दोन ते अडीच तास, मध्ये विश्रांती. मॅनेजरांची तुकडी वेगळी ठेवावी, कारण त्यांना शिकायचं वेगळं असतं आणि ते पहिल्या रांगेत बसले की मागच्या रांगा गप्प बसतात. शिफ्टमध्ये काम असेल तर तिसऱ्या पाळीसाठी सत्र कधी घेणार, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. ‘रेकॉर्डिंग देऊ’ हे उत्तर मान्य करू नका.

प्रशिक्षकाची पारख पहिल्या वीस मिनिटांत होते. तो वातावरण हलकं करायला ‘आता काय, बायकांकडे बघायचीही चोरी’ असा विनोद टाकतो का? टाकला तर सत्र तिथेच वाया गेलं, पुढच्या स्लाइड कितीही चांगल्या असोत. समोर बसलेल्यांना संदेश मिळाला की हे सगळं लटकं आहे. दुसरी खूण म्हणजे खोट्या तक्रारींवर तो किती वेळ घालवतो. कलम १४ आहे, जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर कारवाई होऊ शकते. पण तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, असं त्याच कलमात स्पष्ट आहे. ही दोन वाक्यं सांगायला दोन मिनिटं लागतात. ज्या सत्रात यावर वीस मिनिटं जातात तिथे तक्रार करण्याचा विचार करत असलेली बाई काय ऐकून उठत असेल याची कल्पना करा.

चांगला प्रशिक्षक फळ्यावर तीन खण आखतो. पहिल्यात नुसतं अवघडलेपण: फार जवळ उभं राहून बोलणं, प्रत्येकाच्या खांद्यावर हात टाकायची सवय, ‘लग्न कधी?’, ‘गुड न्यूज कधी?’, जाडी-बारीकपणावर शेरे, व्हिडिओ कॉलवर ‘कॅमेरा चालू कर, चेहरा तर दिसू दे’चा आग्रह. दुसऱ्यात चुकीचं पण लैंगिक नसलेलं: आरडाओरडा, सगळ्यांदेखत अपमान, जातीवरून किंवा भाषेवरून टोमणे, एकाला मुद्दाम वाळीत टाकणं. तिसऱ्यात लैंगिक छळ. मग तो गोष्टी हलवायला लावतो. खांद्यावरचा हात पहिल्या खणातला, पण एकदा ‘नको’ म्हटल्यावर पुन्हा पडला तर? ‘लग्न कधी?’ हा प्रश्न आगाऊपणाचा, पण ‘एकटी राहतेस ना, रात्री कंटाळा येत नाही?’ हा कुठल्या खणात? दुसऱ्या खणातल्या गोष्टी अंतर्गत समितीच्या अखत्यारीत येत नाहीत, त्या एचआरकडे, शिस्तीच्या नियमांखाली जायला हव्यात. जातीवरच्या टोमण्याला तर स्वतंत्र कायदाही लागू होऊ शकतो. हा फरक न शिकवल्यामुळे दोन उलट घोटाळे होतात. ओरडणाऱ्या साहेबाची तक्रार समितीकडे येते आणि ‘आमच्या कक्षेत नाही’ म्हणून परत जाते, पुढे कुठे जायचं ते कुणी सांगत नाही. किंवा तिसऱ्या खणातली गोष्ट पहिल्या खणातली समजून मॅनेजर ‘जरा समजुतीने घ्या’ म्हणत मिटवतो.

पुरुष कर्मचाऱ्यांबद्दलचा प्रश्न हमखास येतो. हा कायदा तक्रारीचा हक्क फक्त स्त्रीला देतो. तक्रार मात्र स्त्रीविरुद्धही होऊ शकते, असं कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे. उच्च शिक्षणसंस्थांसाठी यूजीसीच्या २०१५ च्या नियमांत पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थी-कर्मचाऱ्यांनाही जागा आहे. इतर ठिकाणी कंपनी स्वतःचं धोरण सर्वांसाठी सारखं करू शकते. ‘पुरुषांना काहीच संरक्षण नाही’ म्हणून खांदे उडवणारा प्रशिक्षक अर्धंच वाचून आलेला असतो.

सत्राचा किमान एक तृतीयांश वेळ बघ्यांवर जायला हवा. वरच्या व्हॉट्सअॅपच्या उदाहरणातल्या पाचव्या सदस्यावर. बघ्याला पाच वाटा असतात आणि त्या बोलून दाखवाव्या लागतात, ‘डी’ने सुरू होणारी त्यांची पाच इंग्रजी नावं स्लाइडवर मांडून भागत नाही. विषय मोडणं: ‘सर, उद्याच्या क्लायंट कॉलची वेळ तेवढी कन्फर्म करा ना.’ ग्रुपवरचा सूर तिथेच तुटतो. दुसऱ्याला आत ओढणं: ज्याचं मॅनेजर ऐकतो अशा माणसाला खासगीत सांगणं. नोंद ठेवणं: तारीख, वेळ, स्क्रीनशॉट, तो चार ठिकाणी फिरवायचा नाही, तिला द्यायचा आणि काय करायचं ते तिला ठरवू द्यायचं. नंतर विचारपूस: ‘काल ग्रुपवरचं वाचलं, मला बरं नाही वाटलं. तुला काही मदत हवी?’ आणि थेट बोलणं: ‘हे इथे नको.’ एवढं तीन शब्दांचं वाक्य मोठ्याने म्हणायचा सराव घेतला की लोक आधी हसतात, दुसऱ्यांदा अडखळतात, तिसऱ्यांदा नीट म्हणतात. जिभेला सवय नसलेलं वाक्य ऐन वेळी सुचत नाही, म्हणून हा सराव घेणारा प्रशिक्षक निवडावा.

चूक दाखवून दिल्यावर काय करायचं, हे तर जवळजवळ कुणीच शिकवत नाही. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ ही माफी नव्हे, तिच्यावरच ढकललेली जबाबदारी आहे. ‘माझं बोलणं चुकलं, पुन्हा होणार नाही’ एवढं म्हणायचं आणि थांबायचं. लांबलचक खुलासे, चॉकलेटं, ‘तू अजून रागावली आहेस का?’ असं दर दोन दिवसांनी विचारणं, यातून अवघडलेपण वाढतं.

मॅनेजरांच्या तुकडीत एकच प्रसंग पुरतो: एक जण केबिनमध्ये येते, दार लोटते आणि म्हणते, ‘कुणाला सांगणार नसाल तर एक बोलायचं होतं.’ इथे ‘अजिबात नाही सांगणार’ हे वचन देणं ही पहिली चूक, कारण ते पाळता येईलच असं नाही. म्हणायचं असतं ते असं: ‘ज्यांना कळायलाच हवं त्यांच्यापलीकडे जाऊ देणार नाही.’ दुसरी चूक, स्वतःच चौकशी सुरू करणं. तिसरी, दोघांना समोरासमोर बसवून ‘गैरसमज’ दूर करणं. चौथी, ‘तेव्हाच का नाही बोललीस?’ ऐकायचं, तिच्या शब्दांत टिपून ठेवायचं, समितीच्या सदस्याचं नाव-नंबर द्यायचा आणि मुदत सांगायची: शेवटच्या घटनेपासून ३ महिने, सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते. ही मुदत न सांगितल्यामुळे अनेक तक्रारी ‘बघू, निवळेल’ म्हणता म्हणता दाखल होण्याआधीच बाद होतात.

समितीचं प्रशिक्षण

पैसे खर्चायचे ते इथे. आणि नेमकं इथेच ‘कर्मचाऱ्यांच्या सत्रात समितीचे सदस्यही बसतील’ अशी काटकसर होते. समितीला साक्षीदाराला समन्स काढणं, शपथेवर तपासणं, कागदपत्रं मागवणं यांबाबत दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. ते कसे वापरायचे हे ज्यांनी आयुष्यात कधी चौकशी केलेली नाही अशा अकाउंट्स आणि अॅडमिनच्या लोकांना अडीच तासांत येणार नाही. दोन दिवस हवेत, त्यातला दुसरा पूर्ण दिवस बनावट प्रकरणाच्या चौकशीचा: तक्रार हातात, दोन साक्षीदार, एक अर्धवट स्क्रीनशॉट, आणि दिवसअखेर लिहिलेला अहवाल. अहवाल लिहून न घेणारं प्रशिक्षण घेऊ नका. प्रकरणं कोर्टात कोसळतात ती बहुतेक वेळा कागदावर.

पहिली मेख या कायद्याखालच्या नियमांतल्या नियम ७ ची. तक्रार लेखी, सहा प्रतींत, कागदपत्रं आणि साक्षीदारांच्या नाव-पत्त्यांसह. ज्या बाईला लिहिता येत नाही तिला लिहायला मदत करणं हे समितीचंच काम आहे, ‘लिहून आणा’ म्हणून परत पाठवता येत नाही. मिळाल्यापासून ७ कामकाजाच्या दिवसांत एक प्रत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला जायला हवी, त्याचं उत्तर १० कामकाजाच्या दिवसांत. समेट हवा असेल तर तो चौकशीआधी आणि फक्त तिने मागितला तर. पैसे देऊन समेट होत नाही. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य. वकील कुणालाच आणता येत नाही. चौकशी ९० दिवसांत, त्यानंतर १० दिवसांत अहवाल, आणि अहवालावर मालकाने ६० दिवसांत कारवाई. हे आकडे भिंतीवर लावायचे असतात, पाठ करायचे नसतात.

सर्वांत जास्त सुटते ती एक पायरी: दोन्ही बाजू कर्मचारी असतील तर चौकशीतले निष्कर्ष दोघांनाही देऊन त्यावर म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. समित्या घाईत थेट अंतिम अहवाल मालकाकडे पाठवतात आणि ज्याच्याविरुद्ध निकाल गेला तो अपिलात ‘मला संधीच दिली नाही’ म्हणतो. ९० दिवसांचं काम एका न पाठवलेल्या पत्रापायी धोक्यात. प्रशिक्षकाला डेमोच्या वेळी सरळ विचारा, ‘अहवाल देण्याच्या आधीची पायरी कोणती?’ तो अडखळला तर चहा पाजून निरोप द्या.

उलटतपासणीचं तंत्र नीट शिकवलं जातं का, तेही पाहा. समोरासमोर बसवून प्रश्न विचारायला लावणं तिच्यासाठी जाच होतो, आणि प्रश्न विचारूच न देणं त्याच्यावर अन्याय. मधला रस्ता म्हणजे प्रश्न लेखी घ्यायचे, अध्यक्षांनी ते विचारायचे, उत्तरं जशीच्या तशी टिपायची. कपडे, मैत्री, आधीचं आयुष्य यांवरचे प्रश्न गाळायचे, पण गाळल्याचं कारणही नोंदवायचं. आणि पुराव्याचं माप: इथे फौजदारी खटल्यासारखं ‘संशयापलीकडे’ सिद्ध करायचं नसतं, दोन्हींपैकी काय घडलं असण्याची शक्यता जास्त आहे हे कारणांसह ठरवायचं असतं. ‘साक्षीदार नाही, सबब तक्रार फेटाळली’ अशी एका ओळीची टिपणं ज्या समित्यांतून येतात तिथे हे माप कुणी शिकवलेलंच नसतं. बंद केबिनमधल्या घटनेला साक्षीदार कुठून येणार? पण घटनेनंतर तिने मैत्रिणीला केलेला मेसेज, त्या दिवशीची अर्धी रजा, अचानक मागितलेली बदली, हे सगळं वजनात धरायचं असतं.

चौकशी चालू असताना तिला काय देता येतं, हेही सदस्यांना पाठ हवं: दोघांपैकी कुणाचीही बदली, तिच्या हक्काच्या रजेव्यतिरिक्त ३ महिन्यांपर्यंत रजा, आणि तिचं मूल्यमापन त्याच्या हातून काढून घेणं. हे तिने लेखी मागितल्यावर समितीने शिफारस करायची. मागता येतं हे तिला सांगायचं कोणी, तर समितीनेच.

बाह्य सदस्य आणि पॅकेज

समितीत एक सदस्य बाहेरचा लागतो: महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला. निम्म्याहून कमी महिला नकोत, अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिलाच. आणि प्रत्येक शाखेला वेगळी समिती. मुख्यालयातल्या एका समितीवर सगळ्या शाखा भागवणं कायद्यात बसत नाही. दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे.

बाह्य सदस्यासाठी नियमांत भत्ता आहे दिवसाला २०० रुपये, शिवाय थ्री-टायर एसी किंवा एसी बसचं आणि रिक्षा-टॅक्सीचं भाडं. एवढ्यात अनुभवी माणूस दिवसभर बसणार नाही हे उघड आहे, म्हणून प्रत्यक्षात मानधन ठरवूनच दिलं जातं. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते पॅकेज: एकच एजन्सी मॉड्यूल विकते, कार्यशाळा घेते, आपलाच माणूस बाह्य सदस्य म्हणून बसवते आणि वर्षाचं कंत्राट एचआर प्रमुखांच्या सहीने नूतनीकरण होतं. उद्या तक्रार एचआर प्रमुखांविरुद्धच आली तर हा सदस्य किती बाहेरचा उरेल? प्रशिक्षण एकाकडून, बाह्य सदस्य दुसरीकडून, एवढी फारकत तरी ठेवा. आणि ‘चौकशी अहवाल आम्हीच लिहून देऊ’ ही सोय कितीही मोहाची वाटली तरी नाकारा. अहवाल समितीचा असतो, त्याची कारणं समितीच्या डोक्यातून यायला हवीत, शिवाय गोपनीयतेचं कलम १६ आहेच.

सत्र झाल्यावरचे फीडबॅक फॉर्म कधीही ४.५ च्या खाली येत नाहीत, त्यांच्याकडे बघू नका. सहा आठवड्यांनी कुणाही पाच जणांना थांबवून विचारा: समितीत कोण आहे, तक्रार किती महिन्यांत करायची, आणि ‘हे इथे नको’ असं शेवटचं कधी ऐकलंत? पहिल्या सहा महिन्यांत तक्रारी शून्यावरून दोन-तीनवर गेल्या तर साहेब विक्रेत्याला फोन करून ‘तुमच्या ट्रेनिंगनंतर डोकेदुखी वाढली’ म्हणतात. त्या विक्रेत्याचं काम चोख झालेलं असतं. लिफ्टजवळच्या नोटिशीवर जो नंबर छापलाय तो मात्र बिल मंजूर करण्याआधी एकदा, ऑफिसच्या वेळेनंतर, अनोळखी फोनवरून लावून बघा. उचलतं कोण, आणि पहिलं वाक्य काय बोलतं ते ऐका.